खाली न बघणारा माणूस

कीबोर्डला दिवे कशाला हवेत, हे डेल ऑस्ट्रँडरला बासष्ट वर्षांत कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. खेळणारा खाली बघतच नाही. नजर पडद्यावर आणि डाव्या हाताची बोटं आपापल्या जागी. खाली बघणारा तो नवखा, असा त्याच्या टोळीचा शिरस्ता होता. दहाजण आपापल्या घरून चौदा वर्षं दर शनिवारी कॉम्प्युटरवर लढाईचा एक खेळ एकत्र खेळत आले होते आणि डेल त्यांचा वैद्य होता. बाकीच्यांनी लढायचं, कोणी घायाळ झालं की यानं वेळेत बटण दाबून त्याला वाचवायचं.

गेले दोन शनिवार त्याची बटणं चुकली आणि अख्खी टोळी गारद झाली. 

मुलगी मॅरिएल म्हणाली, कीबोर्ड जुना झालाय, आणि त्याला डुलूथ शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आली. डेलची कर्करोगावरची केमोथेरपी संपून तीन महिने झाले होते. बाप बरा झाला होता, तेव्हा बिघडलं असेल तर यंत्रच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. डेलनंही तिच्या होला हो मिळवलं.

दुकानातल्या तेरॉननं एक कीबोर्ड जोडून दिला. सगळी बटणं रंगीबेरंगी उजळली.

"कीबोर्ड दाखव म्हटलं होतं. ख्रिसमसचं झाड नाही."

"दिवे बंद होतात, सर. पण बटणं बघा, किती हलकी आहेत."

"मग बंद कर. मला हातानं बघू दे."

डेलनं डोळे मिटले. एफच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो. तर्जनी त्यावर टेकली की बाकीचा हात आपोआप जागेवर येतो. तो बोट फिरवत राहिला.

"याला उंचवटाच नाही. फालतू माल आहे."

तेरॉन जरा घुटमळला. "आहे, सर. तुमचं बोट त्याच्यावरच आहे."

डेलनं डोळे उघडून पाहिलं. खरंच होतं. औषधांनी बोटं बधिर होतील, कदाचित तशीच राहतील, असं डॉक्टर बोलले होते. ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं. महिनाभर तो बटणांचे शर्टही टाळत होता. आता त्याला सरळ भीती वाटली.

"दिवे लाव," तो म्हणाला. "नुसते पांढरे."

अक्षरं लख्ख दिसली. खाली बघत तो एकेक बटण दाबत गेला. एकही चुकलं नाही.

"घेऊ या. चांगला आहे."

"बघ, मी म्हणत होते ना?" मॅरिएल खुश झाली. "आता शनिवारी कोणी मरत नाही."

"बोटांना काही कळत नाही गं मला. महिना झाला."

मॅरिएलनं त्याचा हात धरला. एका बोटाचं टोक चिमटीत घेतलं. "हे?"

"नाही."

तिनं जोरात दाबलं. "आणि आता?"

"थोडंसं."

तिनं त्याचा हात सोडला नाही. पैसे डेलनं दुसऱ्या हातानंच दिले.

गाडीत बसल्यावर त्यानं टोळीच्या म्होरकीला, बिर्गिटला, फोन लावला.

"शनिवारी येतोय मी. नवा कीबोर्ड घेतला, मस्त आहे. पण मला आता खाली बघून खेळावं लागेल, आणि तेवढ्यात वर पडद्यावर कोणीतरी मरेल. तेव्हा वैद्य दुसरा बघ." मग तो म्हणाला, "मला मागे कुठंतरी उभं कर. मी चुकलो तरी चालेल, अशा जागी."

बिर्गिट म्हणाली, "ये तू. जागा करतो आम्ही."