चैतरामने टाळ ठेवले

या, जरा पुढं सरकून बसा. मांडवाच्या खांबाला टेकलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलक्या घेत ऐकायची नाही. चैतरामची सांगतो.

सप्ताहाचा पहिला दिवस होता. बुवा उभे राहिले, मृदंगावर थाप पडली आणि त्यांच्यामागून चैतरामने सूर लावला. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावांत तसा गळा दुसरा नव्हता. सुलोचनाबाईचं लग्न त्या गळ्यावरच जुळलं होतं. बाप वावर किती म्हणून विचारत होता, तर पोरगी म्हणाली, "वावराचं काय करता बाबा, मले तो गाणारा चालते."

तीच सुलोचनाबाई बायकांत पुढं बसली होती. छातीतली गाठ काढून, नागपूरची सगळी औषधं संपवून ती परतली होती. डोक्यावर आखूड, कुरळे केस आले होते. बायको वाचली तर सातही दिवस गाईन, असा नवस चैतराम बोलला होता. त्याने डोळे मिटून चाल उचलली. उघडले तेव्हा ती तोंडावर पदर दाबून, माणसांना ओलांडत बाहेर धावत होती. कनातीमागे ती भडभडून ओकली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेजारची देवकाबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "देवाचं नाव निंगालं का इले उलटी होते. अंगात काहीतरी बसलं आहे, बाप्पा!"

मंडळाचे अध्यक्ष मुन्नालालभाऊ यांनी चैतरामला बाजूला घेतलं. "आपला माणूस म्हणून सांगून राहिलो गा. झाडफूक करून घे. नाही त तिले मांडवात आणू नको."

घरी सुलोचनाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. "तुमचा आवाज कानात गेला का पोटातून ढवळून येते जी. माह्या हातून काय पाप झालं?"

"पाप कायचं वो! पित्त झालं असन."

पण पित्त नव्हतं. तपासणीला नागपूरला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सलाईन चालू असताना तुम्ही तिथे काय करायचात?"

चैतरामचा चेहरा फुलला. "मी आपलंच कीर्तन मोबाईलवर लावून देत होतो मॅडम. तिच्या कानापाशी. दर खेपेले. म्हणलं, नामानं बळ येईल."

"आणि सलाईनमधल्या कॅन्सरच्या त्या लाल औषधानं उलट्या व्हायच्या."

"आतडी बाहेर येत होती हो."

बाईंनी सोपं करून सांगितलं. मेंदूत खोल एक भाग असतो, वाटाण्याहून लहान, त्याला हबेनुला म्हणतात. काही नकोसं घडलं की तो जागा होतो. ज्या पेशींमधून डोपामिन येतं, ज्यांच्यामुळे एखाद्या गोष्टीची ओढ लागते, त्यांना तो दाबून टाकतो. मन थाऱ्यावर ठेवणाऱ्या सेरोटोनिनच्या पेशींपर्यंतही त्याचा हात पोचतो. औषधाचा त्रास आणि त्याच वेळी कानावर पडणारा आवाज, यांची मेंदूनं गाठ बांधली. आता नुसता आवाज आला, तरी ओढीच्या जागी ओकारी येते.

"म्हणजे माह्या आवाजानं?"

"आवाज फक्त शेजारी होता, चैतरामजी. तुम्ही प्रेमानंच केलंत."

"ही गाठ सुटते का?"

"सुटू शकते. बरं वाटत असताना, लांबून, थोडं थोडं ऐकवा. जबरदस्ती नको. आणि सुटेलच, असं वचन मी देत नाही."

त्या शब्दावर चैतराम गावी आला. घरामागच्या बाडीत उभा राहून तो हळू गुणगुणायचा आणि ओरडून विचारायचा, "कसं वाटून राहिलं?"

आतून उत्तर यायचं, "काही नाही होत जी. गा न!"

त्याचा आवाज रोज थोडा थोडा मोकळा होत गेला. एका दुपारी तर मृदंगाची साथ असल्यासारखा गायला. घसा कोरडा पडला म्हणून पाण्यासाठी आत आला, तर सुलोचनाबाई चुलीपाशी भिंतीला टेकली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोर राखेनं भरलेलं घमेलं होतं. त्याला पाहून तिनं बोळा काढला नाही, नुसता हात हलवला. गा.

इकडं गावात बोभाटा वाढला होता. नळावर बाया तिच्या घागरीपासून आपली घागर दूर सरकवत. संक्रांतीला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. एकादशीला चैतराम देवळात गेला आणि भजनाआधी डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसं जमलं तसं सांगू लागला.

मुन्नालालभाऊ हसले. "कीर्तनानं वकाऱ्या होतात? कायले देवाच्या दारात खोटं बोलतं गा? बायकोले वाचवाले?"

सगळे हसले. चैतरामने गळ्यातले टाळ काढून देवापुढं ठेवले.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "बाधा तिले नाही. माह्या गळ्यातच आहे. मले गाण्याचा गर्व झाला होता. देवानं तिच्याकडून इशारा देला. आता मी गाणार नाही."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. गर्व झालाच होता म्हणाले, आम्ही पाहतच होतो म्हणाले. त्याच आठवड्यात देवकाबाई स्वतः चालत आली आणि सुलोचनाबाईच्या कपाळाला कुंकू लावून गेली. चैतराम दिसला की पोरं मात्र "गर्वी बुवा" म्हणत पळू लागली.

पुढच्या सप्ताहात देवळावर भोंगा लागला. गाणारा दुसरा होता, पण चाली त्याच आणि मृदंगही तोच. कीर्तनाची वेळ झाली की चैतराम बायकोला मोटारसायकलवर बसवायचा आणि आवाज पोचत नाही इतकं दूर कालव्यावर न्यायचा. दोघं पाळीवर, कालव्याच्या बांधावर, बसायचे. एका संध्याकाळी धानावरून वारा येत होता, ती लग्न होऊन गेलेल्या आपल्या पोरींच्या सासरच्या गोष्टी सांगत होती, आणि त्याच्या नकळत त्याच्या नाकातून एक सूर निघाला. अगदी बारीक. तोंडही उघडलं नव्हतं.

सुलोचनाबाई बोलता बोलता उठली. उतार उतरून पाण्यापाशी गेली, वाकली, तोंड धुतलं, चूळ भरली. परत येऊन त्याच्या शेजारी बसली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "हं, त मी काय सांगून राहिली होती?"

मायबापहो, कीर्तनात सूर रंगला आणि तुमचे हात आपोआप टाळीला गेले, तर एक टाळी या चैतरामच्या नावानं वाजवा. त्याला ऐकू जाणार नाही, इतक्या लांब तो बसलेला असेल. तरीही आठवण ठेवा.