नेहमीचा वापर

आमच्या कंपनीच्या मल्टिटूलला, म्हणजे पक्कड, पातं सगळं एकात असलेल्या घडीच्या हत्याराला, पंचवीस वर्षांची हमी आहे. मोडलं की आमच्याकडे पाठवायचं, आम्ही दुरुस्त करून परत पाठवतो. सोबत एक फॉर्म भरावा लागतो. त्यात दोन चौकोन आहेत. पहिला ‘नेहमीचा वापर’, दुसरा ‘गैरवापर’. ज्याला लागू असेल त्यात खूण करायची.

या टेबलावर मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दुसऱ्या चौकोनात खूण केलेला माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. एकाचं पातं विजेच्या तारेवर अर्धं वितळलं होतं. त्याने लिहिलं होतं, सफरचंद सोलत होतो. नेब्रास्कातल्या एकाचं हत्यार पोळीसारखं सपाट होऊन आलं, वर टायरची नक्षी. नेहमीचा वापर. आम्ही मान डोलावतो आणि दुरुस्त करतो. कंपनी फार दिलदार आहे असं लोक म्हणतात. खरं म्हणजे चौकशीला माणूस ठेवण्यापेक्षा पक्कड बदलणं स्वस्त पडतं.

फॉर्मबरोबर पत्रंही येतात. निम्म्या हत्यारांचे मालक वारलेले असतात. वडील, भाऊ, नवरा. पहिली चार वर्षं मी पत्रं वाचून डोळे पुसायचो. पुढे पत्र वाचता वाचता सँडविच खाता येऊ लागलं. त्याच वर्षी मला बढती मिळाली.

जानेवारीत विस्कॉन्सिनहून एक डबा आला. आतल्या हत्याराच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या होत्या. मुठीची पाठ ठोकून ठोकून चेपलेली, मधला खिळा वाकलेला, पक्कड मिटलेली ती मिटलेलीच. पत्र चार ओळींचं होतं. ‘नवरा लेलँड नोव्हेंबरात गेला. गोठा आता मीच बघते. पक्कड उघडत नाही. हीच दुरुस्त करा, नवी पाठवू नका. आर्डिस न्यूबाउअर.’ आणि फॉर्मवर दुसऱ्या चौकोनात खूण. एवढी दाबून केलेली, की कागद फाटला होता.

मी फॉर्म ब्रिअॅनला दाखवला. ती आमची साहेब, वयाने माझ्या मुलीएवढी, आधी विमा कंपनीत होती.

“गैरवापर म्हटल्यावर तसंच परत पाठवायचं,” ती म्हणाली. “कॉम्प्युटर पुढे जाऊच देत नाही.”

“बाई खरं बोलल्या म्हणून?”

“मर्विन, मला का बोलताय? नियम मी केलेत का? फोन लावा त्यांना. पण फोन रेकॉर्ड होतो, तेव्हा शब्द तुम्ही त्यांच्या तोंडात घालायचा नाही. त्यांच्याच तोंडून येऊ दे.”

मी फोन लावला. मागे दूध काढायच्या मशीनचा चुकचुक आवाज येत होता.

“बाई, फॉर्मवर खूण चुकून पडली का?”

“चुकून कशाला पडेल? मला वाचता येतं.”

“काय आहे, पहिल्या चौकोनात असती, तर आम्हाला दुरुस्त करता आलं असतं.”

“तो हातोडीने ठोकायचा त्याला. फाटकाच्या कडीवर बर्फ धरलं, की हे छिन्नीसारखं लावायचा आणि वरून हातोडी. हा नेहमीचा वापर म्हणायचा का? तुम्हीच सांगा.”

मी सांगू शकत नव्हतो. रेकॉर्डिंग चालू होतं.

“एकोणीस वर्षं ओरडतेय, लेलँड, छिन्नी घे. छिन्नी तिथेच खुंटीला आहे. अजून कोरी. तो गेला त्या सकाळीसुद्धा ओरडले. तर म्हणतो कसा, ‘अगं, हे याचसाठी असतं.’ आणि आता मी कागदावर लिहून देऊ, की त्याचंच बरोबर होतं?”

“मग नवी का नको? नवी घेतली, तर काहीच लिहावं लागणार नाही.”

“नवी आणली होती. गोठ्यातली निम्मी दारं त्याने तारेने बांधून ठेवलीत. त्या तारांचा पीळ याच पकडीच्या झिजलेल्या दातांत बसतो. नवी नुसती घसरते. काल एका गाईला बाहेर काढायला दार करवतीने कापावं लागलं. चाळीस गाई आहेत. दारं किती दिवस कापू?”

हत्यार माझ्या हातात होतं. जबड्याचे दात एका बाजूने तिरके झिजले होते. जबड्याला काही झालेलं नव्हतं. खिळा बदलला असता, तर काम भागलं असतं. अकरा मिनिटांचं काम. मला तिची कीव आली असं नाही, पण अकरा मिनिटांच्या कामासाठी चाळीस गाई अडकून पडाव्यात, हे माझ्या मनाला पटेना.

“बर्फ तर हिवाळ्यात,” मी म्हणालो. “उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात पंपाचा गंज ठोकायचा. त्याला कारणं कमी होती का!”

“म्हणजे रोज?”

“सकाळ संध्याकाळ.”

“एखादा दिवस सुट्टी?”

“कसली सुट्टी? नेहमी!” ती ओरडली. “नेहमी तेच, नेहमी!”

मी दुसऱ्या चौकोनातली खूण खोडली, पहिल्यात केली. वेळ लिहिली, दोन वाजून चाळीस मिनिटं. रेकॉर्डिंगमध्ये गिऱ्हाइकाच्या तोंडून ‘नेहमी’ हा शब्द तीनदा आला होता. ब्रिअॅनने पलीकडच्या टेबलावर हेडफोन एका कानाला लावून ते ऐकलं आणि अंगठा वर केला.

“काय खरडताय?” आर्डिसबाईंनी विचारलं.

“नेहमीचा वापर.”

मशीनचा आवाज बंद झाला. तिनेच बंद केलं असावं.

“म्हणजे त्याचं बरोबर होतं, असं लिहिलंत.”

“नाही बाई. चूकच होतं. फक्त रोजचं होतं.”

एक गाय हंबरली. आमच्याकडे फोनचं सरासरी बोलणं चार मिनिटांत आटपावं लागतं, आमची नऊ झाली होती. पण मी ठेवला नाही.

“मग चूक होतं, असंही लिहा,” ती म्हणाली.

“त्याला चौकोन नाहीये.”

“कागदाला मागची बाजू असेल ना?”

होती. मी कागद उलटा केला आणि लिहिलं: लेलँड न्यूबाउअर यांनी छिन्नी वापरायला हवी होती. खाली सही केली, आणि तिला वाचून दाखवलं.

“परत वाचा.”

मी परत वाचलं.

“शिक्का आहे का तुमच्याकडे?”

“आहे.”

“मग मारा.”

मी मारला.