चिंचेखालच्या बाया

बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावच्या बसस्टँडसमोर सिद्धलिंगप्पांचं बी-बियाणांचं दुकान आहे. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मल्लप्पा हे नेहमीचं गिऱ्हाईक आलं आणि काहीच न मागता त्यानं मोबाइल पुढं धरला.

“अण्णा, तुमची शैलश्री छत्तीसगडलाच हाय न्हवं?”

जंगलात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर माओवाद्यांनी गोळीबार केला होता. एक जण गंभीर जखमी. बातमी एवढीच होती, नाव नव्हतं.

सिद्धलिंगप्पांनी लेकीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. शैलश्री त्यांची एकुलती एक. लहानपणी बिदरच्या हवाई तळावरची प्रशिक्षणाची विमानं डोक्यावरून गेली की अंगणात पळत सुटायची, आणि आता सहा वर्षं हवाई दलात हेलिकॉप्टर चालवत होती. जंगलात जवानांना पोचवायचं, जखमी झालेल्यांना उचलून आणायचं, हे तिचं काम. ‘लढाई न्हाई अप्पा, टमटम हाय आमची,’ असं ती हसून सांगायची. त्यांनी ते कधीच खरं मानलं नव्हतं.

दुकानाचं शटर ओढून ते घरी आले. कमलम्मा हरभरा निवडत होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं सूप खाली ठेवलं.

“काय झालंय?”

“काय न्हाई. रेंज न्हाई तिकडं.”

तिनं टीव्ही लावला. टीव्हीवर एकच जुनं हेलिकॉप्टर पुन्हा पुन्हा दाखवत होते. सिद्धलिंगप्पांनी आवाज बंद केला, चालू केला, परत बंद केला. जेवायची वेळ टळून गेली. शेजारच्या बाया येऊन दारातच थांबल्या. आत यावं की नाही, हे त्यांना कळेना.

साडेतीनला फोन वाजला.

“अप्पा, मी बरी हाय.”

कमलम्मानं फोन हिसकावून घेतला. “हात-पाय?”

“सगळं हाय, अव्वा.”

“मग लागलं कुणाला?”

“शिवशंकरला. हळ्ळीखेडच्या.”

हे नाव घरात ओळखीचं होतं. शैलश्रीच्या हेलिकॉप्टरच्या दारात मशिनगन घेऊन बसणारा तो गडी. एकदा दाराच्या अडकलेल्या कडीला तो ‘आता कामून रुसायलीस गं?’ म्हणाला, ती गावाकडची बोली ऐकून शैलश्री हसली, आणि एवढ्या लांब दोघांना आपल्याकडचं माणूस सापडलं. त्याची बायको रेणुका कारळाची चटणी पाठवायची. अर्धा डबा मॅडमचा, म्हणजे शैलश्रीचा, असायचा.

दुसऱ्याच्या लेकाला लागलंय हे ऐकून कमलम्माच्या जिवात जीव आला. तो आल्याचं तिचं तिलाच कळलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मे महिन्यात शैलश्री रजेवर आली. तोवर शिवशंकरचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला होता, आणि तोही आठवड्यापूर्वी हळ्ळीखेडला घरी आला होता. आल्या दिवसापासून शैलश्री भाकरी नुसती मोडत बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वडिलांना म्हणाली, “अप्पा, मला हळ्ळीखेडला न्या. तेंला सांगायचं हाय.”

“काय सांगायचं हाय?”

मग तिनं सांगितलं. दोन जखमी जवानांना उचलायला ती हेलिकॉप्टर खाली उतरवत होती. पाड्याच्या कडेला मोठी चिंच होती. तिथून पहिली गोळी आली. शिवशंकर ओरडला, ‘मॅडम, दिसला! चिंचेखाली. मारू?’ आपल्यावर गोळी आली तर उलट गोळी चालवायला परवानगी होती, पण हुकूम द्यायचा तो हेलिकॉप्टरच्या कॅप्टननं, म्हणजे तिनं. तिला त्याच चिंचेखाली टोपल्या घेतलेल्या बाया दिसल्या. चिंचा वेचायला आलेल्या. आवाजानं भांबावून त्या खोडाला चिकटल्या होत्या.

“ती मशिनगन हाय, अप्पा. एकाला लागून थांबत न्हाई. मी ‘नको’ म्हणलं. त्यानं बोट काढलं. आन दुसरी गोळी त्याच्या मांडीत आली.”

“ते दोघं जवान?”

“वाचले. तसंच उतरवून उचललं तेंला.”

“चौकशीत काय निघालं?”

“माझं चुकलं न्हाई म्हणून निघालं. गोळी चालवली असती तरी हेच निघालं असतं.”

“मग तेंच्या घरला जाऊन कामून सांगायलीस? तेंला काय ठाऊक हाय?”

“काहीच न्हाई. गोळी कुठनं आली कळलंच न्हाई, असं शिवशंकरनं घरी सांगितलंय.”

“मग झालं की! त्यानंच झाकलंय. तू कशाला उघडायलीस?”

“पाय त्याचा गेलाय, आन माझ्यासाठी खोटंबी त्यानंच बोलायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन निघाले. हुमनाबाद मागं पडलं आणि त्यांच्या मनात एकच घोळायला लागलं. ते लोक काय करतील? शिव्या देतील, अंगावर येतील, का गाव गोळा करतील? राजेश्वरच्या सिद्धलिंगप्पाच्या पोरीनं आमचा पोरगा लुळा केला, हे उद्या बाजारात बोललं जाईल. एका वळणावर त्यांनी गाडीचा वेग उगीचच कमी केला. शैलश्री समोर बघत होती.

शिवशंकरचं घर शेताच्या वाटेवर होतं. त्याचे वडील हरिबा ओसरीवर दोरी वळत बसले होते, उंच, हाडापेरानं मोठे. “या, या,” म्हणत ते दोरी हातात घेऊनच उठले. आई सुशीलाबाईंनी शैलश्रीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. “बाई, तूच आणलंस गं माझ्या लेकराला जिवंत.”

शैलश्रीचा चेहरा पांढरा पडला.

शिवशंकर बाजेवर बसला होता, कुबड्या भिंतीला. मॅडमना बघून त्यानं सवयीनं उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसला. रेणुकानं चहा आणला. आणि चहा हातात घेताघेताच शैलश्री सुशीलाबाईंना म्हणाली, “मावशी, मला काही बोलायचंय.”

“मॅडम, ऱ्हाऊ द्या,” शिवशंकर पटकन म्हणाला. “काय गरज न्हाई.”

पण तिनं सगळं सांगितलं. चिंच, बाया, त्याचा प्रश्न, तिचा नकार. काहीही मऊ केलं नाही. सिद्धलिंगप्पांची नजर हरिबांच्या हातांवर होती. ते हात दोरीवर थांबले होते.

सुशीलाबाई आधी बोलल्या, तेही लेकाशी. “तुला दिसला व्हता त्यो?”

“व्हय.”

“मारता आला असता?”

“आला असता, आई.” शिवशंकरनं मान खाली घातली. “मला बाया दिसल्या न्हाईत. मला नुसता बंदूकवाला दिसला. मॅडमनी ‘नको’ म्हणलं आन मी बोट काढलं. दवाखान्यात लई शिव्या घातल्या मॅडमना. मनातल्या मनात. मग वाटायचं, मारलं असतं आन मागनं कळलं असतं तर? दोन्हीबी वाटायचं. अजून वाटतंय.”

रेणुका दाराला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नाही, म्हणून सिद्धलिंगप्पांना जास्तच भीती वाटली.

“अक्का, तुम्ही बरोबर केलं असेल. त्या बायांची घरं वाचली. पर माझ्या घराचं काय झालं, ते मी रोज धुवायलेय, बांधायलेय. तुम्ही खरं सांगितलं, बरं झालं. आता परत येऊ नका.”

“रेणुका!” शिवशंकर ओरडला.

“बोलू द्या तिला,” शैलश्री म्हणाली. तिनं हात जोडले. चहा तसाच राहिला.

गाडीपाशी हरिबा मागं आले. सिद्धलिंगप्पा पटकन लेकीच्या पुढं उभे राहिले. हरिबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

“बाई, किती बाया व्हत्या?”

“सहा-सात. एकीच्या पाठीला लेकरू होतं.”

हरिबा शेताकडं बघत राहिले. “माझ्या लेकानं हुकूम पाळला. ते त्याचं कामच व्हतं. पर मला तुझा राग यायलाय, आन त्यो जाईल असं वाटत न्हाई. खोटं कशाला बोलू?”

“नका बोलू, काका,” शैलश्री म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती रडली. सिद्धलिंगप्पांनी गाडी बाभळीखाली उभी केली आणि तिचं रडणं संपेपर्यंत काच खाली करून बसून राहिले. तिला थोपटावं असं त्यांना वाटत होतं, पण तिशीच्या लेकीला कसं थोपटायचं हे सुचेना. शेवटी त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला.

रजा संपली, शैलश्री परत गेली. शिवशंकरला पुढं नकली पाय बसला आणि एका तळावर सामानाच्या गोदामात काम मिळालं. रेणुका त्याच्याबरोबर गेली. चटणीचा डबा मात्र परत कधी आला नाही. सिद्धलिंगप्पांच्या जुन्या काळजीत आता आणखी एक भीती आली होती: परत तशीच वेळ आली तर ती काय म्हणेल, आणि तिनं काय म्हणावं असं आपल्याला वाटतं?

दिवाळीच्या तोंडावर हुमनाबादच्या बाजारात सोयाबीनच्या ढिगाशी त्यांना हरिबा दिसले. तोंड चुकवून जावं म्हणून ते वळले.

“अण्णा,” हरिबांनीच हाक मारली.

सिद्धलिंगप्पा थांबले.

“लेक उडवायलीय का अजून?”

“व्हय.”

हरिबांनी मूठभर सोयाबीन उचललं, दाणे बोटांमधून खाली सोडले. “सांभाळून म्हणावं,” ते म्हणाले आणि भाव विचारायला दुसऱ्या ढिगाकडं गेले.