दिराच्या होड्या

पुष्पावतीने हातातलं वल्हं टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं.

"एकही होडी पाण्यात जायची नाही, भावजी!"

टेम्पोत तिच्या दिराच्या, हयवदनच्या, होड्या होत्या. व्हाइटफील्डकडचं त्याचं तळं जलपर्णीनं असं गिळलं होतं की वल्हं मारायला जागा उरली नव्हती. गिऱ्हाईक तुटलं, धंदा बसला. आता स्वारी भावजयीच्या तळ्यावर पोट भरायला आली होती, आणि होड्यांच्या बुडाला ती हिरवी अवदसा अजून चिकटलेली! नवऱ्यामागं पुष्पावतीचं घर या तळ्यावरच चाललं होतं. देठाचा एक तुकडा पाण्यात पडला तरी पुरे, हे तिनं दिराकडंच पाहिलं होतं.

"स्वल्प ऐका तरी, वहिनी. अण्णाच्या जागेवर माझाही हक्क आहे."

"थोरला भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा कुठं होता हा हक्क? स्वतःचं तळं खाल्लंत, आता माझं खायला आलात? आधी धुवा. मग पत्र्याखाली पालथ्या घाला. वाळल्यावर बघू."

त्र्याण्णव सालच्या आयुधपूजेचा आदला दिवस होता. दरवर्षीसारखे रिक्षावाले, शिवाजीनगरचे गॅरेजवाले गाड्या आणि हत्यारं धुवायला तळ्यावर जमले होते. पुष्पावतीला तेच हवं होतं. होड्या धुवायला मागं हापसा होता, तिकडं तिनं त्याला जाऊ दिलं नाही. सगळ्यांच्या देखत घाटाच्या पायऱ्यांवरच होड्या उतरवायला लावल्या. हयवदन गुडघे टेकून काथ्यानं बूड घासू लागला. ती कमरेवर हात ठेवून उभी.

"तिथं राहिलंय. डोळे फुटले काय?"

रिक्षावाल्यांत हशा पिकला. बादल्यांवर बादल्या ओतल्या जात होत्या. मध्येच हयवदननं मान वर केली, पायऱ्यांकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तोंड नको, हात चालवा!"

तो पुन्हा घासू लागला. इतक्या वर्षांत पुष्पावतीला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती घाटावर उतरली आणि जागीच थबकली. शेवटच्या पायरीशी फुगीर देठांची पानं तरंगत होती. तिनं एक झुबका उपटला. शेजारी दुसरा होता, कमळांच्या आडोशाला आणखी कितीतरी.

तो झुबका मुठीत धरूनच ती पत्र्याच्या शेडकडं धावली. हयवदन बिडी ओढत बसला होता.

"माझ्या पाठीमागं होड्या घातल्यात ना पाण्यात? मेल्या, भावाच्या बायकोच्या पोटावर पाय दिलास!"

हयवदन उठला आणि बाजूला झाला. होड्या तिनं ठेवायला लावल्या तशाच पालथ्या होत्या. बुडावर पूजेच्या हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती, कुठं पुसलेली नव्हती.

पुष्पावतीची मूठ सैल झाली. ती घाटाकडं पाहू लागली.

"धुतलेलं पाणी सगळं पायऱ्यांवरून खाली जात होतं," हयवदन म्हणाला. "तुकड्यांसकट. मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत? गळा दाबला होता का कुणी?"

त्यानं बिडी विझवली.

"लोक हसत होते, वहिनी."

तिनं पदर खोचला, पायऱ्या उतरली आणि कमरेइतक्या पाण्यात शिरून दोन्ही हातांनी उपटू लागली. हयवदन काठापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला.

"डावीकडं राहिलंय," तो म्हणाला.