नववीच्या मुलींचा फुगा

सकाळची प्रार्थना संपली, पण ब्रायडीचं लक्ष एका शब्दाकडेही नव्हतं. चॅपलच्या पायऱ्या उतरताना तिने मैत्रिणीचा, सास्कियाचा, हात एवढा आवळला की ती कळवळली.

"अगं, हात आहे माझा! दोरी नव्हे."

"मी शिवलेली छत्री उघडली नाही तर?"

"तर आपण दोघी शाळा सोडून मेंढ्या राखू. तुझ्या बाबांकडे आहेतच की भरपूर."

मैदानावर विज्ञानाच्या मिस व्हॅनस्टन हेलियमच्या सिलिंडरशी झटापट करत होत्या. पांढरा फुगा बघता बघता त्यांच्या डोक्याच्याही वर गेला. त्याच्याखाली नारिंगी हवाई छत्री आणि छत्रीखाली थर्माकोलचा डबा. डब्यात कॅमेरा होता, आणि आपण कुठे आहोत ते कळवत राहणारं एक छोटं यंत्र. छत्री ब्रायडीने शिवणवर्गात बसून शिवली होती. दोनदा उसवून.

कुंपणापाशी दहावीच्या मुली जमल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांचा फुगा समुद्रात गडप झाला होता. तेव्हा मुख्याध्यापिका डॉ. लेथम यांनी बजावलं होतं, "नवी प्रयोगशाळा आपण समुद्रात सामान टाकायला बांधलेली नाही. पुन्हा असं झालं, तर हा उपक्रम बंद."

"ए नववी, माशांना आमचा नमस्कार सांगा!" एकजण ओरडली.

"तुम्हीच सांगा, तुमची जुनी ओळख आहे!" सास्कियाने तिथल्या तिथे परतवलं.

विमानतळाची परवानगी आली. मिसनी मान हलवली आणि ब्रायडीने हात सोडले. फुगा सणकन वर गेला. मग जो काही आरडाओरडा झाला, त्याने चॅपलच्या छपरावरचे काकाकुवा फडफडत उडाले.

"चला, चला, बसमध्ये!" शाळेच्या पाद्रीबाई, रेव्हरंड ग्वेन, चाव्या वाजवत धावत आल्या. शाळेची बस चालवायचा परवाना त्यांच्याकडेही होता, आणि आजचा दिवस त्या दुसऱ्या कुणाला देणार नव्हत्या.

गव्हाच्या शेतांमधून बस निघाली. सास्कियाच्या मांडीवरच्या पडद्यावर एक लाल ठिपका पुढे सरकत होता. विमानांच्याही वर गेला तो. आणि मग एकाएकी खाली यायला लागला.

"फुटला! मिस, फुगा फुटला!"

"फुटायलाच हवा होता. आता छत्रीचं काम," मिस म्हणाल्या, पण त्याही सीटच्या टोकावर सरकल्या होत्या.

ब्रायडी पडद्यावर वाकली. ठिपका दगडासारखा खाली येत होता.

"वर हवा विरळ असते. छत्री तिथे उघडली तरी तिला धरायला काही नसतं. थोडं थांब," मिसनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबतेच आहे हो, मिस! दुसरं काय करतेय!"

मग वेग कमी झाला. आणखी कमी. ब्रायडीने श्वास सोडला, तेवढ्यात टेकड्यांच्या आड यंत्राचा संदेश तुटला आणि ठिपकाच नाहीसा झाला.

"गेला?" पुढून पाद्रीबाईंनी विचारलं.

"मर्टन गावाच्या बाजूला होता. त्या गावाशेजारी तलाव आहे," सास्किया हळूच म्हणाली.

ब्रायडीने खिडकी उघडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली.

"ब्रायडी कॅलोवे, आधी आत ये!" मिस कडाडल्या.

"ती बघा! मिस, नारिंगी! ती बघा!"

पाण्याच्या टाकीमागून छत्री तरंगत येत होती. पूर्ण उघडलेली, टम्म फुगलेली. पाद्रीबाईंनी बस गावात घातली. छत्री तलावावर गेली, तिथून वाऱ्याने तिला मागे ढकललं, आणि एका कुंपणापलीकडे उतरली.

मुली बसमधून उड्या टाकून धावल्या. कुंपणापलीकडे कातरलेल्या गुळगुळीत हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी मंडळी गोळे घरंगळवायचा बोलिंगचा डाव खेळत होती. आता सगळे पुतळ्यासारखे उभे होते. मधोमध डबा पडला होता आणि एका आजोबांच्या डोक्यावर नारिंगी छत्री.

"कोण आहे रे हे? मी जिंकत होतो!" छत्रीतून आवाज आला.

"कुठला जिंकत होतास, मर्व!" शेजारच्या आजीबाई हसत म्हणाल्या. "पोरींनो, काढा ते त्याच्यावरून. की राहू द्या, बरा दिसतोय."

ब्रायडीने छत्री ओढून काढली. एकही टाका उसवला नव्हता. तिने ती तशीच छातीशी धरली आणि हिरवळीवर मटकन बसली.

मिसनी तिथल्या बोलिंग क्लबच्या खोलीत लॅपटॉप उघडला. आजीबाईंनी चहा आणि जॅम लावलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणले, पण खाणार कोण? पडद्यावर आधी शाळेचं मैदान लहान झालं, पोहण्याचा तलाव निळ्या टिकलीएवढा झाला. शेतं विरली, ढग खाली गेले. आणि मग काळंभोर आभाळ, भर दिवसा, आणि त्याखाली वाकलेली, निळसर उजेडाने कडा रेखलेली पृथ्वी.

मुली पडद्याजवळ सरकल्या.

"अगं बाई," पाद्रीबाई एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मर्व आजोबा काठीवर रेलून बघत होते. "जन्म गेला इथे. वरून हे असं दिसतं होय?"

"उत्तरेकडे तो तपकिरी पट्टा आहे ना, आजोबा, तिकडे आमचं घर आहे," ब्रायडी म्हणाली.

बाहेर पाद्रीबाई फोनवर मुख्याध्यापिकांशी बोलत होत्या. "हो, मिळाला! समुद्रात नाही हो, बोलिंगच्या हिरवळीवर! नाही, दुखापत नाही, एका आजोबांचा डाव तेवढा मोडला."

पलीकडून डॉ. लेथम काय म्हणाल्या ते मुलींना ऐकू आलं नाही. पण पाद्रीबाईंनी फोन दूर धरला आणि अंगठा वर केला, तशा साऱ्याजणी किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ब्रायडी सर्वांत खाली सापडली होती आणि हसता हसता तिला श्वास घेता येत नव्हता.