पिवळ्या पायांच्या सात कोंबड्या

सन १९८८, डिसेंबरची आठ तारीख, गुरुवार, सकाळी नवाचा सुमार. स्थळ पाचोरा तालुक्यातील एक खेडे आणि त्यातील चुडामण नानांच्या गोठ्यामागचे खुराडे.

नानांनी खुराड्यातले गवत चाचपले. एकच अंडे हाताला लागले. त्यांनी पुन्हा चाचपले, आणि मग कोणी पाहत नाही अशी खात्री करून तिसऱ्यांदाही.

"किती?" पुष्पाबाईंनी चुलीपासून विचारले.

"एक."

"लाल राण्या शेतस तुम्हन्या! आते बठ्ठा गावले काय सांगशात?"

आता साऱ्या गावाला काय सांगणार, हा बायकोचा टोमणा नानांच्या वर्मी लागला. पांढरी लेगहॉर्न अंडी पुष्कळ देते, पण तिच्या अंगावर मांस नाही. गावठीला मांस आहे, पण ती अंड्यांपेक्षा खुडूक बसण्यातच रमते. सबब अंडी आणि मांस दोन्ही देणारी तांबडी ऱ्होड आयलंड हीच आपली जात, असे त्यांनी पारावर वर्षभर हिरिरीने मांडले होते. सात घरांना ते पटले होते. उद्या शुक्रवारी ती घरे पिल्लांची मागणी नोंदवणार होती. आणि बारा कोंबड्यांतल्या पाच शनिवारच्या बाजारात विकल्यापासून रोजची पाच-सहा अंडी एकावर आली होती. रोग म्हणावा, तर कोंबड्या टुणटुणीत. मग जातच दगा देणारी असेल काय? या विचाराने नानांना चार दिवस अन्न गोड लागले नव्हते.

तेवढ्यात शेजारचा झिपरू येऊन उभा राहिला. "नाना, आम्ही पिल्ले लेवूत का नको?"

नानांनी ते एकुलते अंडे मुठीत झाकले. "लीलाधर डॉक्टरांना निरोप धाडला आहे. ते सांगतील ते खरे."

जनावरांच्या दवाखान्याचे लीलाधर सायकलवरून आले. त्यांनी एकेक कोंबडी काखेत धरून तिच्या शेपटीखालची हाडे बोटांनी चाचपली. अंडी देणारीच्या या हाडांत दोन-तीन बोटे मावतात; इथे सातांपैकी सहा कोंबड्यांच्या हाडांमध्ये एक बोट जेमतेम मावत होते. "विकलेल्या पाच कशा होत्या?"

"अगदी टाकाऊ," नाना घाईने म्हणाले. "पिसे झडलेली, चोच फिकी, पाय पांढुरके. पाहा, चकचकीत पिसांच्या, हळदीसारख्या पिवळ्या पायांच्या तेवढ्या निवडून ठेवल्या."

लीलाधरांनी कोंबडी खाली सोडली. "नाना, जी रोज अंडे देते तिच्या पायांचा पिवळेपणा अंड्यात उतरतो, आणि तिला नवी पिसे धरायला सवड होत नाही. तुम्ही अंडी देणाऱ्या बाजारात नेल्या आणि मिरवणाऱ्या घरी ठेवल्या."

पुष्पाबाई पदर तोंडाला लावून आत वळल्या. नाना मान खाली घालून कोंबड्यांचे पाय पाहत राहिले. झिपरूला मात्र त्याचे उत्तर अजून हवे होते.

"मंग डाक्टरसाहेब, उद्यानं काय?"

लीलाधरांनी हात धुतले. "सातही घरांनी हीच पिल्ले घ्यावीत. विकायच्या कोंबड्या मात्र नानांना निवडू देऊ नयेत."