भोंग्याची दुपार

होळीची राख अजून गावातून पुरती उडाली नव्हती, तोच कंपनीने दुपार पळवली. आता दुपार काय पळवायची गोष्ट आहे का, असं तुम्ही म्हणाल. पण झालं खरं तसंच. गोजाबाई विहिरीवर मोट हाकत होती, ऊन अजून कोवळेपणातून नुकतंच बाहेर पडलेलं, आणि पलीकडच्या माळावरून बाराचा भोंगा वाजला. तिने मान वर करून सूर्य पाहिला, मग कंपनीच्या धुराड्याकडे पाहिलं, आणि आज त्यांना लवकर भूक लागली वाटतं, असं स्वतःशीच म्हणून ती हसली. ते हसणं तिला लवकरच महाग पडलं.

सत्तावन्न सालची गोष्ट. पवनेच्या काठचं, पिंपरीला खेटून असलेलं हे गाव. माळावर कंपनी येऊन तीनेक वर्षं झाली होती. गोजाबाई रंगरावाची विधवा. रंगराव गेला तेव्हा भाऊबंदांना वाटलं की ही बाई आता जमीन वाट्याने देईल आणि माहेरी जाऊन बसेल. तिने दुसऱ्याच महिन्यात पदर खोचून मोट हाकायला घेतली. बाईमाणूस मोट हाकतं म्हणून गाव हसलं, आणि हसून हसून दमल्यावर गप्प बसलं. दाऱ्यावर, वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायला तिचा म्हातारा गडी ज्योतीराम होता.

विहीर एकच, आणि ती दोघांत. सासऱ्याने, सोपानरावाने, मरायच्या आधी वाटणी करून दिली होती: दिवस उगवल्यापासून मध्यान्हापर्यंत पाणी थोरल्याचं, मध्यान्हापासून मावळेपर्यंत धाकट्याचं. धाकटा म्हणजे उद्धवराव. थोरल्याला सकाळ दिली त्याला कारण होतं. थोरल्याचं रान लांब, पार कंपनीच्या आत्ताच्या कुंपणापर्यंत गेलेलं. पाटाचं पाणी अंगावर माती ओढत तिकडे पोचेपर्यंत सकाळ सरत यायची. टोकाच्या वावराला पाणी मिळायचं ते मध्यान्हाच्या आधीच्या शेवटच्या तासाला, आणि त्या तासालाच काय ते. यंदा त्या टोकाच्या वावरात गोजाबाईचा उन्हाळी कांदा उभा होता. चाकणच्या बाजारात न्यायचा, वर्षाचं मीठमिरची, कपडालत्ता सगळं त्यावरच. आणि ते वावर पडीक पडलं तर काय होणार, हेही तिला चांगलं ठाऊक होतं. कंपनीला कुंपण पुढे सरकवायचं होतं. निरोप घेऊन उद्धवराव दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

मध्यान्ह ओळखायची पूर्वीची रीत साधी होती. मोटेचं पाणी ओतलं जायचं त्या थारोळ्याच्या दगडाची सावली दगडाच्या पायात शिरली की पाळी बदलायची. पण ढगाळ दिवशी सावली कुठली आणि दगड कुठला, रोजची कटकट. कंपनीचा भोंगा सुरू झाला तेव्हा गोजाबाईच म्हणाली, भावजी, आता भांडायला नको, बाराचा भोंगा वाजला की मी बैलं सोडते आणि तुम्ही जुंपा. उद्धवराव तयार झाला. तीन वर्षं कसं गोडीगुलाबीत चाललं होतं. सावलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि आता भोंगाच फिरला. कंपनीने उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे केलं होतं. वीज कमी पडते, उजेडात काम आटोपलं की दिवे कमी जळतात, असा हिशेब पुण्याहून आलेल्या साहेबाने मांडला. लढाईच्या वक्ताला सरकारनेही असंच केलं होतं, तेव्हा जगबुडी झाली का, असंही तो म्हणे.

जगबुडी झाली नाही, पण गावाचा बोऱ्या वाजला. चिंचवड स्टेशनावर गाडी सरकारी वेळेने, कंपनीत शिफ्ट कंपनीच्या वेळेने, शाळा मास्तरांच्या मर्जीने. दुधाच्या कासंड्या घेऊन जाणारी रुक्मिणीबाई भोंगा ऐकून धावत स्टेशनात गेली आणि रिकाम्या फलाटावर तासभर ताटकळत बसली. म्हशीला कुणी सांगावं की आता लवकर पान्हा सोड म्हणून. जो तो दुसऱ्याला विचारी, कुठले आठ, जुने की नवे? शेवटी सरपंच यशवंतरावांनी ठरवलं की हा घोळ मिटवायचा. सगळ्या गावानेच कंपनीची वेळ धरायची. शाळा, चावडी, आठवड्याचा बाजार, सगळं. उद्धवराव पंचांपैकी एक. त्याने त्यात हळूच एक शेपूट जोडलं: पाण्याच्या पाळ्यासुद्धा.

गोजाबाईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तवा तसाच ठेवून ती उठली.

सभा मारुतीच्या देवळापुढे भरली. साहेबासाठी खुर्ची आणली होती, बाकी सगळे सतरंजीवर. बाया नेहमीप्रमाणे मागे, भिंतीच्या कडेला. साहेब चांगलं बोलला, उगाच खोटं कशाला सांगा. त्याच्यामागून हिंदुराव उठला. हा मराठवाड्यातून आलेला, कंपनीत फिटर, गावात खोली घेऊन राहणारा. तो म्हणाला की आधी घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा, लेकरं झोपलेली असायची. आता नदीवर हातपाय धुतो, लेकरांना खांद्यावर घेतो, त्यांची तोंडं उजेडात दिसतात. हे ऐकून बऱ्याच जणांच्या माना हलल्या. गोजाबाईचीही हलली. माणूस खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या लेकरांसाठी आपला कांदा का जाळायचा, हे तिला उमगेना.

ती उभी राहिली. एका बाईने सभेत उभं राहायचं म्हणजे भलतंच, माणसं वळून पाहायला लागली. तिने विचारलं की कंपनीची वीज वाचली ती कुणाला मिळणार, गावात तर एक दिवा नाही. डबा करायला बाया आता रात्र असतानाच उठतात, ते राकेल कोण देणार? मागच्या बायांत कुजबुज झाली. सरपंच म्हणाले की वहिनी, हा मोठा विचार आहे, राकेलावर आणू नका. तेव्हा ती राकेल सोडून सरळ पाण्यावर आली. सासऱ्याने मध्यान्ह दिलंय, भोंगा दिलेला नाही, असं तिने ठणकावून सांगितलं.

उद्धवराव याचीच वाट पाहत होता. तो उठला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "वहिनी, भोंगा इहिरीवर कुणी आणला? तुमीच ना?"

आणि ते खरंच होतं.

"व्हय, मीच आणला," ती म्हणाली. "तवा त्यो बाराला वाजत व्हता. त्यो खोटं बोलाय लागला म्हनून मी बी खोटं वागू काय?"

काही जण हसले, पण हसण्याने काय होतं. हात वर करा म्हटल्यावर पुरुषांचे हात भराभर वर गेले. कुणाचा पोरगा कंपनीत, उद्धवरावाचाही तिथेच, कुणाला कंपनीत चिकटायचं होतं. विरोधात मास्तरांचा हात, दोन-तीन म्हाताऱ्यांचे, आणि गोजाबाईचा. बाया भिंतीला टेकून बसून राहिल्या. उद्धवरावाची बायको शालनही तिथेच होती, नवऱ्याच्या वर गेलेल्या हाताकडे बघत. नवी वेळ मंजूर झाली.

"मंजूर झालं ते देवळात," गोजाबाई जाता जाता सरपंचांना म्हणाली. "रानात न्हाई."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जत्रा भरली. गोजाबाई काय करते हे बघायला निम्मं गाव कामं टाकून आलं होतं. भोंगा वाजला. गोजाबाईने मुळीच लक्ष दिलं नाही, मोटेच्या नाड्यावरची मांड सोडली नाही, बैलांना हाळी दिली. आणि बैल थांबले. हो, बैल. तीन वर्षं भोंगा वाजला की जू उतरायचं, पुढ्यात कडबा पडायचा. त्यांना काय ठाऊक पंचायत आणि काय ठाऊक घड्याळ. तिने चुचकारलं, शेपट्या पिरगाळल्या, ज्योतीराम धावत येऊन चाबूक फडकवायला लागला. थोरल्या बैलाने धावेवरच, मोट ओढायच्या उतारावर, बसकण मारली. भरलेली मोट अर्ध्यातून धाडकन विहिरीत परतली, आणि बघे पोट धरून हसले. उद्धवराव तर डोळे पुसायला लागला. तुमच्या बैलांनीसुद्धा ठराव मानला वहिनी, असं तो म्हणाला, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं.

गोजाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. बैलांवर नाही, स्वतःवर. सोय म्हणून आणलेला भोंगा आपणच जनावरांच्या रक्तात भिनवला. पण हार मानणाऱ्यातली ती नव्हती. तिने बैलांचं जू उतरवलं, त्यांना झाडाखाली बांधलं, कडबा टाकला. मग परत येऊन धावेच्या ऐन मध्यावर फतकल मारून बसली.

"माझी पाळी संपली न्हाई," ती दिराला म्हणाली. "माझी बैलं वढत न्हाईत, त्ये माझं नशीब. पर तुमची बी वढणार न्हाईत."

थोरल्या भावाच्या बायकोच्या अंगावरून बैल कोण घालणार? उद्धवराव विडी पेटवून कडेला बसला. थारोळ्याच्या दगडाची सावली पायात शिरली तेव्हा ती उठली, लुगडं झटकलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ऊन रोज चढत होतं, धावेची माती तापून खालून भाजायची. सरपंचांनी समजावलं, मग पोलीस पाटलाला बोलावू म्हणाले. खुशाल बोलवा, त्यांच्यासाठी जागा सोडते, असं म्हणून तिने बाजूची माती हाताने सारखी केली.

पण कांद्याला हा हट्ट कळत नव्हता. उद्धवरावाचं रान विहिरीच्या पोटाशी, त्याला तासभर कमी-जास्त पाण्याने काही फरक पडत नव्हता. टोकाच्या वावराला मात्र थेंब पोचत नव्हता. पाती पिवळी पडायला लागली, वाफ्यांना भेगा गेल्या. गोजाबाई संध्याकाळी घागरी डोक्यावरून वाहून नेई, पण घागरीने कुठे वावर भिजतं? एक दिवस उद्धवराव तिच्याजवळ येऊन चक्क मायेने बोलला. वहिनी, कशाला जिवाला त्रास करून घेता, कांदा तर चाललाच, कंपनीचा साहेब अजून तयार आहे, मी मध्ये पडतो. त्याच्या डोळ्यांत खरोखरच कीव होती. त्या किवेने ती जेवढी पेटली तेवढी सभेतल्या हसण्यानेही पेटली नव्हती. ती घागर उचलून चालू लागली, पण त्या रात्री तिला पहिल्यांदा भीती वाटली की आपण हरणार.

सकाळी ती मोटेवर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. भोंगा वाजला, तिचे बैल थांबले, तिने जू उतरवलं. धावेवर बसायला ती वळली आणि जागीच थबकली.

उद्धवरावाची खिलारी जोडी धावेकडे येत होती. त्या जोडीलाही सवय लागलेली, भोंगा वाजला की गोठ्यातून मान काढायची आणि कामाला लागायची. पण जोडीपुढे उद्धवराव नव्हता. कासरा शालनच्या हातात होता. पदर कमरेला बांधलेला, कपाळावर चुलीची राख. कंपनीतल्या लेकाचा डबा करायला ती काळोखात उठली होती, रोजच उठत होती.

तिने गोजाबाईच्या मोटेला आपले बैल जुंपले.

झाडाखालून उद्धवराव ताडकन उठला. "अगं ए, काय चालवलंस? बैलं माझी हायती."

"माझ्या बापानं आंदण दिलेल्या गाईची हायती ती," शालन म्हणाली. तिने कासरा सोडला नाही. "देवळात हात वर केलात, तवा मला इचारलं व्हतं का, रातीचं कोन उठनार म्हनून? आता मी बी इचारत न्हाई. सावली पायात आली की तुमची पाळी. तवर बसा."

मग जावेकडे वळून ती म्हणाली, "आक्का, तुमी दाऱ्यावर जावा. बघत काय ऱ्हायलाय."

उद्धवराव दोन पावलं पुढे आला. पाहतो तो काय, बघ्यांतली रुक्मिणीबाई कासंडी खाली ठेवून धावेच्या कडेला येऊन उभी राहिलेली. तिच्यामागे आणखी दोघी. उद्धवरावाने विडी शोधली, ती सापडली नाही, आणि तो खाली बसला.

बैल चालले. मोट भरून वर आली, थारोळ्यात धबधबा पडला, आणि गोजाबाई पाटाच्या कडेने पाण्याबरोबर पळत सुटली. ज्योतीरामाच्या हातून तिने फावडं ओढून घेतलं. पाणी टोकाच्या वावरात शिरलं तेव्हा ती स्वतः वाफ्यात उतरली, गुडघ्यापर्यंत चिखलात, एकेक दारं फोडत आणि बांधत. भेगांतून पाणी आत जाताना सूं सूं आवाज येत होता. तिथे मग तिला रडू फुटलं, आणि तिने ते पुसायच्या भानगडीत न पडता फावडं चालू ठेवलं.

कुंपणापलीकडे कंपनीचा पहारेकरी बबनराव जेवण उरकून काडीने दात कोरत उभा होता. चांगला माणूस, रोज रामराम करणारा. तो म्हणाला, "बाई, भोंगा हून किती येळ झाला. दुपार झाली की."

गोजाबाईने शेवटच्या वाफ्याचं दारं फोडलं आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"तुमची झाली असंल," ती म्हणाली. "माझी अजून व्हायचीय."